चिरूटवाले, पाइपवाले आणि सर

सरांनी तो प्रश्न विचारला नाही असा माणूस जयपुरात सापडणं कठीण होतं. भाजीवाला, टांगेवाला, कॉलेजचा शिपाई, दाताचे डॉक्टर आणि मला बघायला पुण्याहून आलेले पाहुणेसुद्धा त्यातून सुटले नाहीत.

"मला एक सांगा," सर पुढे वाकून म्हणायचे, "विलायतेतल्या त्या दोघांपैकी मोठा कोण? ज्यानं लढाई जिंकली तो, की लढाई संपल्यावर ज्यानं दवाखाने फुकट केले आणि आपल्या देशातून इंग्रजांना परत नेलं तो?"

समोरच्यानं त्या दोन पंतप्रधानांची नावं घेतली की सर लगेच हात वर करायचे. "नावं नकोत. नाव घेतलं की माणूस बाजू घेतो. चिरूटवाले आणि पाइपवाले म्हणा, म्हणजे कामं दिसतील." एक कायम चिरूट ओढायचे आणि दुसरे पाइप, एवढ्यावरून सरांनी ती नावं पाडली होती. दोघांच्या विचारांत जमीनअस्मानाचा फरक. एकाला साम्राज्य टिकवायचं होतं, दुसऱ्याला कोळशाच्या खाणीसुद्धा सरकारच्या हाती हव्या होत्या. आणि तरी दुसऱ्या महायुद्धाची पाच वर्षं दोघं एकाच मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसले, याचं सरांना अपार कुतूहल होतं. "सकाळी भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलत असतील हो?" ते मला विचारायचे, जणू मी शेजारच्या खोलीत होते.

मला बघायला आलेल्या मुलानं या प्रश्नावर फार नम्रपणे उत्तर दिलं, "तुमचं जे मत, तेच माझं." सर उठून सरळ आत आले. मी पोह्यांच्या बश्या भरत होते. "बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "जरा विचार करा." मी विचार केला आणि ते लग्न झालं नाही. आई सरांवर वर्षभर रागावून होती.

मला ते 'बाई' म्हणत, आणि तेही मी सतरा वर्षांची असल्यापासून. वडील विमा कंपनीत अधिकारी होते. साताऱ्याहून त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा मी शाळेत होते. पुढे ते तिथेच निवृत्त झाले, आणि मी बी. ए.ला सरांच्या इतिहासाच्या वर्गात जाऊन बसले. ही एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या मधली गोष्ट. सर पहिल्या दिवशी आत आले, हजेरी घेतलीच नाही. हिंदीत म्हणाले, "घरातल्या तुमच्या सगळ्यात आवडत्या माणसाविरुद्ध पाच मिनिटं बोला." कुणी उठेना. मी उठले आणि वडिलांविरुद्ध बोलायला लागले. मध्येच घाईत माझ्या तोंडून मराठी शब्द गेला. वर्ग संपल्यावर सरांनी मला थांबवलं. "मराठी का तुम्ही? छान. वडील चांगले आहेत तुमचे. आता उद्या त्यांच्या बाजूनं बोला."

सर मूळचे उज्जैनकडचे. संस्थानी काळात नोकरीसाठी जयपूरला आले आणि बनी पार्क भागात अर्ध्या घरात भाड्यानं राहिले. लग्न केलं नव्हतं. घर सांभाळायला थोरली बहीण होती, विधवा. सगळे त्यांना अक्का म्हणत. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असत. एक जड, हातवाली, गादीची. दुसरी साधी वेताची. सोमवार, बुधवार, शुक्रवार सर गादीवर बसून चिरूटवाल्यांच्या बाजूनं बोलत. मंगळवार, गुरुवार, शनिवार वेताच्या खुर्चीत बसून पाइपवाल्यांच्या. दारातून आत शिरतानाच आम्ही विद्यार्थी विचारायचो, "सर, आज कोण?" मंगळवारी गेलं की चहा बिनसाखरेचा मिळे, कारण पाइपवाल्यांच्या कारकिर्दीत विलायतेत साखरेचं रेशन होतं. अक्कांना हे मुळीच पटत नसे. त्या पडद्याआडून खूण करायच्या आणि आम्ही आत जाऊन कपात साखर घालून यायचो.

"त्या दोघांपैकी एकानं तरी कधी आपल्या घरी कोळसा आणून टाकलाय का?" अक्का म्हणायच्या.

"पाइपवाल्यांनी खाणी सरकारी केल्या, अक्का."

"मग तिथूनच आण. शेगडी विझलीय."

रविवारी सर कुणाच्याच बाजूनं बोलत नसत. त्या दिवशी ते बाहेर पडायचे आणि लोकांना प्रश्न विचारायचे. एम. ए.ला असताना मी त्यांच्याबरोबर बरीच हिंडले. उत्तरं ते जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून घेत. भाजीवाल्यानं गाजरं तोलता तोलता सांगितलं होतं, "बाबूजी, जो बीमार है उससे पूछो." सरांनी ते उत्तर मला चार वेळा वाचून दाखवलं. एकदा आम्ही बसनं चौमूंला गेलो, तिथल्या एका निवृत्त हवालदाराला भेटायला. तो इटलीत लढला होता. गुडघ्यावर मोठा व्रण होता. सरांनी प्रश्न नीट समजावून सांगितला. म्हाताऱ्यानं हुक्क्याची नळी बाजूला केली. मग अदबीनं म्हणाला, "हुकम, हमें तो अपने कप्तान साहब का ही नाम मालूम था. ऊपर कौन बैठा है, किसने बताया?"

परतीच्या बसमध्ये सर एक शब्दही बोलले नाहीत. एरवी ते प्रत्येक उत्तरावर तासभर बोलत. ते असे का गप्प झाले, हे मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, बस लागली असेल.

अक्कांचा एकुलता एक मुलगा, मधू, लढाईत मारला गेला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अक्का तरुणपणीच विधवा होऊन दोन वर्षांच्या मुलाला घेऊन भावाकडे आल्या, आणि मधूला सरांनीच लहानाचं मोठं केलं. स्वयंपाकघरात देवांच्या शेजारी त्याचा गणवेशातला फोटो होता. बाहेरच्या खोलीत मात्र त्याचं काही नव्हतं. सरांच्या तोंडून मी त्याचं नाव दहा वर्षांत एकदाही ऐकलं नाही. दुःख असेल, असं समजून मीही कधी विषय काढला नाही.

एम. ए. झाल्यावर काही वर्षांनी मला त्याच कॉलेजात तात्पुरती नोकरी लागली, सरांच्याच हाताखाली. सर त्यांच्या ग्रंथावर काम करत होते. दोघांची तुलना करणारा तो ग्रंथ किती वर्षं चालला होता, हे त्यांनाही सांगता येत नसे. डाव्या पानावर एक, उजव्या पानावर दुसरे. डावीकडे एक ओळ वाढली की उजवीकडे एक वाढलीच पाहिजे, असा नियम. त्यामुळे ग्रंथ पुढे सरकतच नसे. "बंगालचा दुष्काळ डावीकडे लिहिला," ते म्हणायचे, "तर उजवीकडे फाळणीची घाई लिहायला हवी. मग फाळणीचा दोष एकट्या पाइपवाल्यांचा का, हे तपासायला हवं. म्हणजे डावीकडचंही पुन्हा तपासायला हवं." आणि ते पुन्हा पहिल्या पानावर जायचे.

मग जानेवारीच्या थंडीत चिरूटवाले वारले.

आमचे प्रिन्सिपॉल तरुणपणी विलायतेत शिकून आले होते. त्यांनी कॉलेजच्या मैदानावर शोकसभा ठेवली. मुलांनी ठरवलं, ज्या माणसाला आपलं स्वातंत्र्य नको होतं त्याच्यासाठी उभं राहायचं नाही. दोन दिवस व्हरांड्यात बाचाबाची चालू होती. शेवटी सरांनी बोलावं, यावर दोन्ही बाजू राजी झाल्या. प्रिन्सिपॉलना वाटलं, एवढी वर्षं अभ्यास करणारा माणूस थोरवीच सांगेल. मुलांना वाटलं, आपले सर आहेत.

सरांनी टेबलावर घड्याळ ठेवलं. वीस मिनिटं ते त्या माणसानं जगाला काय दिलं यावर बोलले. सगळा युरोप वाकलेला असताना एकटं उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांनी असं सांगितलं की मुलं ऐकत राहिली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "बैठ जाइए!" सर थांबले. "कोण बोललं? वर या. तुमचा मुद्दा सांगा, मी थांबतो." एक लांब मानेचा मुलगा वर आला, ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला आणि त्याला एक शब्द सुचेना. सरांनी त्याला स्वतःच्या पेल्यातलं पाणी दिलं. "बसा इथेच. आता तुमचीच बाजू मांडतोय." आणि पुढची वीस मिनिटं ते त्याच माणसानं आपलं काय हिरावून घेतलं यावर बोलले. दुष्काळावर बोलताना त्यांचा आवाज जराही चढला नाही, आणि त्यामुळेच ते ऐकवेना. प्रिन्सिपॉल उठून निघून गेले. सर बोलत राहिले. चाळीस मिनिटं झाल्यावर त्यांनी घड्याळ उचलून खिशात टाकलं.

त्या दिवशी मुलंही नाराज, प्रिन्सिपॉलही नाराज. सर मात्र खुशीत होते. "त्या मुलाचं नाव काय हो? फार चांगला मुद्दा असणार त्याच्याकडे."

आठवड्याभरात स्टाफरूममध्ये एक कागद फिरायला लागला. सरांनी मृत व्यक्तीचा अपमान केला आणि विद्यार्थ्यांना चिथावलं, अशी तक्रार होती. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते, दोन वर्षांची मुदतवाढ जवळजवळ नक्की होती. या कागदामुळे ती जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. माझी नोकरी मार्चमध्ये कायम व्हायची होती. प्रिन्सिपॉलच्या कारकुनानं कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. माझ्या आधी चार सह्या होत्या. मी पाचवी केली.

मुदतवाढ गेली. मला कायम केलं.

एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. मी दार उघडलं. वडील पेपर वाचत होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सर व्हरांड्यात वेताच्या बसक्या मोढ्यावर बसले. खिशातून एक पाकीट आणि पेन्सिल काढली.

"बाई, मी रागवायला आलेलो नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय. सही करताना नेमकं काय वाटलं?"

मी रडायला लागले.

"रडणं नंतर. आधी सांगा. भीती वाटली? की थोडंसं पटलंही होतं?"

"भीती वाटली," मी म्हणाले. मग खरंच विचार केला. त्यांच्यासमोर खोटं बोलणं जमत नसे. "आणि सर, थोडंसं पटलंही होतं. मेलेल्या माणसाबद्दल त्या दिवशी तसं बोलायला नको होतं, असं वाटलं."

सरांचा चेहरा उजळला. "हे महत्त्वाचं आहे! हा मुद्दा कुणीच मांडला नाही." आणि त्यांनी तो पाकिटावर लिहून घेतला. मग उठले. "भीतीचं मी लिहिलेलं नाही. ते तुमच्याजवळच राहू द्या."

त्या वाक्यानं मला जेवढी शिक्षा झाली तेवढी रागावून झाली नसती. वडिलांनी विचारलं, "का गं रडतेस?" तेव्हा पहिल्यांदा मी घरात सगळं सांगितलं.

त्यानंतर मी दर आठवड्याला बनी पार्कात जाऊ लागले. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. सर कॉलेजबद्दल कधी बोलले नाहीत. चिरूटवाल्यांच्या अंत्ययात्रेच्या बातमीचं कात्रण त्यांनी मला दाखवलं. पाइपवाले तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते, आजारी होते, तरी कडाक्याच्या थंडीत आपल्या जुन्या विरोधकाला पोहोचवायला आले होते. "काय वाटलं असेल?" सर त्या ओळीवर बोट दाबत विचारायचे. "तिथं जाऊन विचारायला हवं होतं कुणीतरी."

अडीच वर्षांनी, दिवाळीच्या आधी, पाइपवालेही गेले. पेपरात आतल्या पानावर बातमी होती. कॉलेजात कुणी सभा घेतली नाही. मुलांना ते कोण हेच माहीत नव्हतं. सरांनी घरी सभा ठेवली. घराला चुना चालू होता, सगळं सामान अंगणात काढलेलं. कडुलिंबाच्या झाडाखाली सतरंजी घातली. आलं कोण? मी, भाजीवाला आणि शेजारचे एक निवृत्त कंपाउंडर. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. चुना लावणारे दोघं शिडीवरून ऐकत होते.

सरांनी घड्याळ पुढ्यात ठेवलं. वीस मिनिटं दिलं काय, वीस मिनिटं नेलं काय. दवाखान्यांबद्दल बोलले तेव्हा कंपाउंडर मान डोलावत होते. फाळणीबद्दल बोलताना, घाई नसती तर किती घरं वाचली असती आणि घाई नसती तर आणखी किती जळली असती, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी मांडलं. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

"मला बोलायचंय," अक्का म्हणाल्या.

सर वळून बघत राहिले. सगळ्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं अक्कांना तो कधीच विचारला नव्हता. हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा बघून वाटलं, त्यांना ते कायम माहीत होतं.

"बाळू," अक्का म्हणाल्या. साठी ओलांडलेल्या सरांना त्या बाळूच म्हणत. "मधूला लढाईवर जा म्हणून त्या चिरूटवाल्यानं सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. इथेच, या अंगणात. ही लढाई खरी आहे, आपण घरी बसायचं नाही, म्हणालास. तो तुझं ऐकायचा. गेला."

शिडीवरच्या माणसाचा कुंचला थांबला.

"अक्का..."

"थांब. तुझी चाळीस मिनिटं झाली. त्याच्या सामानाची पेटी आली तेव्हा दुसरा पंतप्रधान झालेला होता, हेही तूच सांगितलंस मला. मी पेटी उघडत होते आणि तू मला हे सांगत होतास. तेव्हापासून तू त्या दोघांचा न्याय करत बसलायस. एक मोठा ठरला की मधू कशासाठी तरी गेला. दुसरा मोठा ठरला की तुझं चुकलं. असंच ना?"

सर डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले, तो पुसून झाला तरी पुसत राहिले.

"मी तुझ्यावर कधी फिर्याद केली होती का रे?" अक्कांचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ पडलंय का विचारताना असतो तसा. "वीस-बावीस वर्षं झाली. एकदा तरी म्हटलं का मी काही?"

"नाही."

"मग कुणासमोर साक्ष देत बसतोस रोज? मला माझा मुलगा आठवायचा असतो, तर या घरात त्याचं नाव काढायची चोरी. त्या दोघांचीच नावं... नावंसुद्धा नाहीत, चिरूट नि पाइप!"

भाजीवाला हळूच उठला, हात जोडून निघून गेला. कंपाउंडरही गेले. मी जायला उठले तर अक्कांनी मला खुणेनं बसवलं. मला वाटलं, सर आता उलट बाजू मांडतील. दहा वर्षांत ती मांडली नाही असं एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मांडली नाही. ते उठले, अक्कांच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले, आणि दोघं बहीणभाऊ ओल्या चुन्याच्या वासात संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. मी चहा केला. तो कुणी घेतला नाही.

पुढचे दोन आठवडे मी गेले नाही. जायला कसंतरी वाटत होतं. दिवाळी झाल्यावर आईनं फराळाचा डबा दिला म्हणून गेले. सामान पुन्हा आत लागलं होतं. ग्रंथाची पानं कपाटावर एका दोरीनं बांधून ठेवलेली होती. सर स्वयंपाकघरात होते. त्या घरात त्यांना स्वयंपाकघरात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. अक्का पाटावर बसून वाटाणे सोलत होत्या, आणि सर खाली जमिनीवर, मांडीवर एक कोरं पाकीट, हातात पेन्सिल.

"आणि कानोत्याच्या बंधाऱ्यात पोहायला कुणी शिकवलं त्याला?" ते विचारत होते.

"कुणी नाही. आपणच शिकला. तू कॉलेजला गेलास की शेजारची सायकल घेऊन पळायचा. मला सांगून जायचा, तुला नाही."

"मला का नाही?"

"तू दोन्ही बाजू मांडायला लावशील म्हणून."

सर हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पेन्सिल पाकिटावर तशीच धरलेली होती. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी डबा ओट्यावर ठेवला आणि अक्कांसमोर बसून वाटाणे सोलायला घेतले.

"मग?" सर अक्कांना म्हणाले. "सांग ना. पुढे काय केलं त्यानं?"